‘कामाची पद्धत तुम्ही कशी सुधारलीत?’ : इंजिनिअरिंग मॅनेजरच्या पहिल्या मुलाखतीची तयारी

सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअरिंग मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखत द्यायची म्हटलं की आपल्याकडची पोरं सिस्टिम डिझाइनची तयारी जीव तोडून करतात. माणसं सांभाळण्याच्या प्रश्नांवरही बोलण्यासारखं पुष्कळ असतं. गाडी अडते ती एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर: "तुमच्या टीमच्या कामाच्या पद्धतीत तुम्ही काही सुधारणा केली असेल, तर तो अनुभव सांगा."

मी छत्रपती संभाजीनगरात राहून एका इंजिनिअरिंग टीमचं काम पाहते आणि अशा मुलाखती घेते. सुट्टीच्या दिवशी नांदेड, परभणी, लातूर, जालन्याकडच्या मुलामुलींच्या सराव मुलाखतीही घेते. आठ-दहा वर्षं काम केलेली, टीम लीड म्हणून रात्र रात्र रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकाला देण्याचं काम, सांभाळलेली ही माणसं. पण या प्रश्नावर ऐकू येतं ते असं: "आम्ही स्क्रम आणलं. रोजचा स्टँडअप सुरू केला. जिरा नीट वापरायला लागलो. प्रॉडक्टिव्हिटी वाढली." (स्क्रम ही छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत, स्टँडअप ही टीमची रोजची छोटी बैठक आणि जिरा हे कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर.) चार वाक्यांत उत्तर संपतं. मला वाईट वाटतं, कारण त्यांनी केलेलं काम खरं असतं आणि त्यातलं काहीच समोरच्यापर्यंत पोहोचलेलं नसतं.

माझ्याही पहिल्या मुलाखतीत हेच झालं. मी स्क्रमचं सांगितलं. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "त्याआधी नेमकं काय दुखत होतं, आणि कोणाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मिळालं घरी आल्यावर. माझा मोठा भाऊ वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्या लोकांना कायझेन शीट, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणेची नोंद, भरावी लागते. डावीकडे ‘आधी’चा फोटो, उजवीकडे ‘नंतर’चा. खाली अडचण काय होती, कारण काय सापडलं, काय बदललं, किती वेळ वाचला आणि कोणी केलं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत कोणी असेल अशा घरात हा कागद ओळखीचा असतो. मुलाखतीत तोच कागद तोंडी भरायचा आहे. मी त्यात एकच रकाना वाढवते: या बदलाची किंमत कोणी मोजली?

पहिली पायरी: आठवणी खणून काढा

उत्तर पाठ करायला बसू नका. आधी माल गोळा करा. एक वही घ्या आणि गेल्या तीन-चार वर्षांत टीमला ज्याचा त्रास झाला ते लिहीत सुटा. रिलीजच्या रात्री घरी जायला दोन वाजायचे. टेस्ट कधी हिरव्या (पास), कधी लाल (नापास), कारण कोणालाच माहीत नाही. नवीन आलेल्या मुलीला लॅपटॉपवर प्रोजेक्ट चालू करायलाच आठवडा लागला. एकच माणूस सुट्टीवर गेला की पेमेंटचं काम थांबायचं. ग्राहकाचा फोन आल्यावर आपल्याला कळायचं की सर्व्हर बंद आहे.

अशा वीस-पंचवीस ओळी सहज होतात. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा: यातलं काय मिटलं, आणि ते मिटण्यात माझा हात कुठे होता? जुनं कॅलेंडर, अप्रेझलला स्वतःबद्दल लिहिलेला मजकूर, रेट्रोस्पेक्टिव्हच्या (झालेल्या कामाकडे वळून पाहणाऱ्या टीमच्या बैठकीच्या) नोंदी चाळल्या की विसरलेलं आठवतं. मात्र कंपनीचे स्क्रीनशॉट, डॅशबोर्ड किंवा ग्राहकाचं नाव बाहेर नेऊ नका. मुलाखतीत "एका बँकेचं काम", "साधारण तिपटीने कमी झालं" इतकं पुरतं. जुन्या कंपनीची गुपितं सांगणारा उमेदवार उद्या आमचीही सांगेल, हे मुलाखत घेणाऱ्याच्या लगेच मनात येतं.

पद नव्हतं म्हणून अनुभव नाही, असं मानू नका. उलट, अधिकार नसताना चार लोकांना पटवून एखादी गोष्ट बदलली असेल, तर मॅनेजरच्या मुलाखतीत ती फार मोलाची ठरते.

सर्व्हिस कंपनीत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत, काम करणारे इथे हटकून म्हणतात, "प्रक्रिया क्लायंटची. आमची कंपनी सीएमएमआयच्या पाचव्या पातळीवर. आम्ही काय बदलणार?" सीएमएमआय म्हणजे संस्थेची कामाची पद्धत किती पक्की आहे ते मोजायची पट्टी. तिच्या पाच पातळ्यांतली पाचवी म्हणजे सतत सुधारणा करत राहणारी संस्था. म्हणजे तुम्ही सुधारणा करावी, हे त्या कागदावरच लिहिलेलं आहे. क्लायंटची रिलीजची तारीख तुमच्या हातात नसेल. पण रात्रपाळीकडून सकाळच्या टीमकडे काम सोपवताना काय सांगायचं, यूएटीत (ग्राहक स्वतः तपासून पाहतो त्या टप्प्यात) तेच तेच दोष पुन्हा का निघतात, बिल्ड (सगळ्यांचा कोड जोडून तयार होणारं सॉफ्टवेअर) तुटलं तर पहिल्यांदा कोणी बघायचं, हे तुमच्या अंगणातलं आहे. तिथली एखादी गोष्ट निवडा.

दुसरी पायरी: तीन अनुभव निवडा

एक जमलेला, एक फसलेला आणि एक असा, ज्यात तुम्ही एखादी पद्धत, मीटिंग किंवा मंजुरी काढून टाकली. तिसऱ्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. नवा मॅनेजर आला की मीटिंगा वाढतात, हा सगळ्यांचा अनुभव आहे. त्यामुळे "बुधवारची स्टेटस मीटिंग मी बंद केली, तीन आठवडे पाहिलं, कोणालाच तिची आठवण झाली नाही, मग कायमची काढली" असं कोणी सांगितलं की मी खुर्चीत सावरून बसते. या माणसाला आपल्या लोकांच्या वेळेची किंमत कळते, हे त्या एका वाक्यात दिसतं.

तिसरी पायरी: काम कुठे थांबलं होतं ते शोधा

ही पायरी सगळ्यांत मोठी आहे. बाकीची घाईत केली तरी चालेल, ही करू नका.

सॉफ्टवेअरचं बहुतेक काम हात चालू असताना अडत नाही, ते रांगेत पडून राहतं. ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. हंगामात साखर कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. अशा वेळी मुकादमाला सांगून आणखी दोन टोळ्या लावल्या तर काय होईल? रांग वाढेल. कारखान्याची रोजची गाळप क्षमता आहे तेवढीच राहील. सॉफ्टवेअर टीममध्ये हेच चालतं. डेव्हलपर वाढवले, कामं भराभर सुरू केली, पण कोड रिव्ह्यू करणारे, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासणारे, दोनच आणि टेस्टिंगला एकच. सगळ्यांचे हात चालू, आणि पूर्ण काहीच होत नाही.

याला गणिताचा आधार आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला, तो आज लिटलचा नियम म्हणून ओळखला जातो. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ असा: एखादं काम पूर्ण व्हायला लागणारा सरासरी वेळ म्हणजे एकाच वेळी हातात असलेली कामं भागिले दर आठवड्याला पूर्ण होणारी कामं. समजा टीमच्या हातात २४ कामं आहेत आणि आठवड्याला ८ पूर्ण होतात. प्रत्येकाला सरासरी ३ आठवडे लागणार. पूर्ण होण्याचा वेग तोच ठेवून हातातली कामं १२ वर आणली, तर दीड आठवडा. कोणालाही जास्त वेळ थांबवलं नाही, कोणाला ओरडलं नाही. हे गणित मुलाखतीत कागदावर मांडून दाखवणारे फार थोडे असतात.

सध्या याच धाग्यावरचा एक प्रश्न येऊ लागला आहे: एआयच्या मदतीने कोड पटापट लिहिला जातो, मग टीमचं काम तेवढंच पटापट का होत नाही? वरचं यार्ड डोळ्यांसमोर ठेवा. तोडणी वाढली, गाळप तेवढंच. रिव्ह्यू आणि टेस्टिंगची रांग वाढली. तुमच्या टीममध्ये असं झालं असेल आणि त्यावर तुम्ही काही केलं असेल, तर तोच अनुभव पुढे करा.

काम कुठे थांबतं हे कळलं की ते का थांबतं, ते खणायचं. टोयोटात ताइची ओनो यांनी रुजवलेली ‘पाच वेळा का’ विचारायची रीत तुम्ही ऐकली असेल. आमच्याकडे ‘काहून’ म्हणतात, तर पाच वेळा ‘काहून’ विचारा. रिलीज लांबली, काहून? टेस्टिंग उशिरा संपलं. काहून? टेस्टिंगला काम शेवटच्या दोन दिवसांत मिळालं. काहून? रिव्ह्यू अडकला होता. काहून? पुल रिक्वेस्ट (तपासायला पाठवलेला कोडमधला बदल) दीड हजार ओळींची होती, ती उघडायलाच कोणी धजत नव्हतं. काहून? कामाचे तुकडे पाडायला आपण कधी बसलोच नाही. आकडा पाचच हवा असं नाही. तीनमध्येही उत्तर सापडतं. फक्त शेवटचं उत्तर एखाद्या माणसाच्या नावावर थांबलं, तर समजा की अजून खणायचं बाकी आहे. "रमेशने उशीर केला" हे मुलाखतीत सांगितलं की मॅनेजर म्हणून तुमच्याबद्दल शंका येते.

हे खणणं न करता केलेली सुधारणा म्हणजे आजार म्हशीला अन् औषध पखालीला. रिव्ह्यूची रांग असताना स्टँडअपची वेळ बदलणारी टीम मी जवळून पाहिली आहे.

चौथी पायरी: आकडे, आणि आकडे नसतील तर

चार मापं ओळखीची असू द्या. सॉफ्टवेअर टीमच्या कामावर डोरा या नावाने चाललेल्या संशोधनातून ती रूढ झाली: कोड किती वेळा प्रॉडक्शनमध्ये (ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिममध्ये) जातो, कोड लिहून झाल्यापासून तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, गेलेल्या बदलांपैकी किती बिघडतात, आणि बिघडल्यावर सेवा पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो. पहिली दोन वेगाची, नंतरची दोन भरवशाची. उत्तरात वेगाचं एक आणि भरवशाचं एक, अशी जोडी ठेवा. "रिलीज महिन्यातून एकदा व्हायची ती आठवड्याला होऊ लागली" इतकंच म्हणाल तर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग दोष वाढले का?"

खूप जण म्हणतात, "मॅडम, आम्ही तेव्हा काही मोजलंच नव्हतं." मग खोटा आकडा घडवू नका. तो दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नातच उघडा पडतो. ४० टक्के कुठून आले, कोणत्या काळातले, सरासरी की मधला आकडा (मीडियन, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), असं विचारलं की चेहऱ्यावर दिसतं. खरं सांगा: "त्या वेळी आम्ही मोजत नव्हतो. माझ्या आठवणीत आधी महिन्यातून तीन-चार रात्री जागायला लागायचं, नंतर दोन महिन्यांत एखादी." हा आकडाच आहे, आणि प्रामाणिक आहे. अजून त्याच कंपनीत असाल तर पूर्ण झालेली शेवटची वीस-तीस तिकिटं, म्हणजे जिरामधल्या एकेका कामाच्या नोंदी, उघडा. प्रत्येकाला कुठे किती दिवस लागले ते वहीत मांडा. एका दुपारचं काम आहे. सरासरीऐवजी मधला आकडा धरा, नाहीतर महिनाभर पडून राहिलेलं एकच तिकीट सगळं चित्र बिघडवतं.

अजून एक धोका माहीत असू द्या. माप हेच ध्येय झालं की लोक मापाची सोय बघतात आणि माप निकामी होतं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. टीमला स्टोरी पॉइंटचं (कामाचा आकार मोजायच्या टीमच्या अंदाजी गुणांचं) लक्ष्य दिलं की तीन पॉइंटचं काम पुढच्या महिन्यात पाचाचं होतं. "तुमच्या आकड्याचा असा गैरफायदा झाला का?" असं विचारणारे असतात, आणि झाला असेल तर तो सांगण्यात कमीपणा नाही.

पाचवी पायरी: ‘आम्ही’ आणि ‘मी’

आपल्याकडे ‘मी मी’ करणं वाईट समजतात. घरात चार वडीलधारी माणसं असताना "मी केलं" म्हणायची सवय नसते, आणि ही सवय चांगलीच आहे. पण मुलाखतीत सगळं उत्तर ‘आम्ही’मध्ये गेलं, तर ऐकणाऱ्याला तुम्ही त्या टीममध्ये काय करत होतात हे कळत नाही. त्याला निर्णय तुमच्याबद्दल घ्यायचा असतो. याउलट काही जण हे ऐकून सगळंच ‘मी’ करून टाकतात. मॅनेजरच्या जागेसाठी ते जास्त घातक आहे.

यावर माझा उपाय क्रियापदांचा आहे. कोणी काय केलं ते खरं तसं वाटून द्या. "मी तीस तिकिटं तपासली. रिव्ह्यूची रांग मी टीमसमोर मांडली. उपाय काय करायचा ते टीमने ठरवलं. चेकलिस्ट आमच्या एका सिनियर मुलीने बनवली, आणि ती बनवायला तिला दोन दिवस मोकळे मिळावेत म्हणून मी प्रॉडक्ट मॅनेजरशी बोलले." यात तुमचं कामही दिसतं आणि दुसऱ्याचं श्रेय त्याला मिळालेलंही दिसतं. ही वाटणी मी प्रत्येक सराव मुलाखतीत वहीवर लिहून घ्यायला लावते. बोलताना ती आपोआप जमत नाही.

सहावी पायरी: एक उत्तर पूर्ण करून पाहा

खालचं उत्तर मी या लेखासाठी रचलं आहे. आकडे उचलू नका, घडण बघा.

"आमची आठ डेव्हलपरची टीम होती, टेस्टिंगला दोघं. प्रॉडक्ट मॅनेजरची तक्रार होती की छोटं कामही तीन आठवड्यांशिवाय मिळत नाही. डेव्हलपर म्हणायचे, आम्ही तर चार दिवसांत देतो. दोघंही खरं बोलत असावेत असं मला वाटलं, म्हणून मी पूर्ण झालेली शेवटची तीस तिकिटं पाहिली. मधल्या आकड्याने एका कामाला १६ दिवस लागत होते. त्यात कोड लिहायला ४, रिव्ह्यूच्या रांगेत ५, टेस्टिंगमध्ये ६ आणि रिलीजला १.

"सगळे रिव्ह्यू दोनच सिनियर करत होते. टेस्टिंगवाल्यांना काम काय आहे तेच शेवटी कळायचं. मी हे आकडे रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये ठेवले. कोणाचंही नाव घेतलं नाही. टीमने ठरवलं की चार आठवडे फक्त चौघांनी करून बघायचं. सकाळी स्टँडअप झाला की नवीन कोड लिहिण्याआधी रांगेतले रिव्ह्यू संपवायचे, रिव्ह्यू कोणीही करू शकेल, आणि काम सुरू होतानाच टेस्टिंगच्या माणसाला सोबत घ्यायचं.

"एका सिनियरचा याला विरोध होता. ज्युनियरनी रिव्ह्यू केला तर दोष वाढतील, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं. मी त्यांच्याशी वेगळी बसले. पेमेंटचा भाग त्यांच्याच रिव्ह्यूखाली ठेवला आणि दोषांची संख्या दर आठवड्याला त्यांनीच बघायची असं ठरलं. वाढली तर प्रयोग बंद.

"चार आठवड्यांनी १६ चे १० दिवस झाले. रिव्ह्यूचे ५ वरून १, टेस्टिंगचे ६ वरून ४. दोष वाढले नाहीत. पण दोन गोष्टी बिघडल्या. पहिले दोन आठवडे ज्युनियरचे रिव्ह्यू वरवरचे होते, म्हणून चेकलिस्ट करावी लागली. आणि पुल रिक्वेस्ट चारशे ओळींच्या आतच हवी असा नियम आम्ही केला होता, तर लोक काम कसंही तोडायला लागले. एकट्या तुकड्याला अर्थच राहत नव्हता. तो नियम काढून ‘एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच उद्देश’ इतकंच ठेवलं. मग बाकीच्या चौघांनी स्वतःहून ही पद्धत घेतली. सहा महिन्यांनी मी दुसऱ्या टीमला गेले, तेव्हाही सकाळचा रिव्ह्यू चालू होता."

हे मोठ्याने वाचा. तीन मिनिटांच्या आसपास होतं. यात स्क्रम, कानबान, लीन असं कामाच्या पद्धतीचं एकही नाव नाही, हे लक्षात आलं का? नावं माहीत असावीत, विचारलं तर सांगता यावीत. २००१ साली अमेरिकेत युटामध्ये १७ जणांनी अजाईलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत बदल करत सॉफ्टवेअर बनवण्याच्या विचाराचा, जाहीरनामा लिहिला. त्याच्या बारा तत्त्वांतलं शेवटचं तत्त्व एवढंच सांगतं की टीमने ठरावीक काळाने थांबून आपण अजून चांगलं काम कसं करू ते पाहावं आणि तसा बदल करावा. वरची गोष्ट त्याचंच उदाहरण आहे. ज्याला ओळखायचं तो ओळखतो.

विरोध करणाऱ्या सिनियरचा भाग मी मुद्दाम लांबवला. मुलाखत घेताना मी सगळ्यांत जास्त कान देते तो याच जागी. उमेदवार म्हणाला, "थोडा विरोध झाला, मग मी समजावलं", तर मी थांबवते आणि विचारते, "काय म्हणून समजावलं? त्यांचं म्हणणं काय होतं?" विरोध करणाऱ्याची बाजू तुम्हाला त्याच्याइतकीच नीट मांडता आली पाहिजे. तुमच्या अनुभवात विरोध झालाच नसेल, तर तो बदल बहुधा वरून हुकमाने आला होता. तो अनुभव बाजूला ठेवा.

सातवी पायरी: फसलेला अनुभव

याची भीती बाळगू नका. नोकरीच्या मुलाखतीत आपली चूक सांगायची हे आपल्या मनाला पटत नाही, म्हणून लोक "मी फार मेहनत करतो, हीच माझी चूक" अशी उत्तरं देतात. ती ऐकून आम्ही थकलो आहोत.

खरा फसलेला बदल घ्या. उदाहरणार्थ, कामाचा रोजचा हिशेब कळावा म्हणून तुम्ही एक शीट सुरू केली. दोन आठवड्यांत लोक संध्याकाळी पाच मिनिटांत काहीही भरून मोकळे होऊ लागले. तुम्हाला हे कधी लक्षात आलं? कशावरून? बंद करायला किती दिवस लावलेत? टीमला काय सांगून बंद केली? आणि शीट मागायची मूळ गरज नंतर कशी भागवलीत? या पाच प्रश्नांची उत्तरं असतील तर तुमचा फसलेला अनुभव जमलेल्यापेक्षा चांगला उतरेल. खापर टीमवर, क्लायंटवर किंवा जुन्या साहेबांवर फोडू नका. त्यांचा दोष असला, तरी तुम्ही तुमच्या वाट्याचं बोला.

प्रॉडक्शनमधल्या बिघाडाबद्दल सांगणार असाल तर हेच जास्त काटेकोरपणे पाळा. चुकीचं बटण कोणी दाबलं यापेक्षा ते बटण दाबता येण्याजोगं का होतं, याची चौकशी तुम्ही केलीत का, हे ऐकायचं असतं.

आठवी पायरी: सराव

लातूर पॅटर्नने आपल्याला एक चांगली गोष्ट शिकवली: भरपूर सराव करायचा, पुन्हा पुन्हा परीक्षा द्यायची. तेवढं घ्या. पाठांतर मात्र इथे कामाला येत नाही, कारण खरी मुलाखत उपप्रश्नांत असते. म्हणून उत्तराचा सराव एकदा केला, तर उपप्रश्नांचा पाचदा करा. मित्राला हे विचारायला सांगा: दुसरा कोणता उपाय होता आणि तो का सोडला? हा बदल पन्नास जणांच्या विभागात चालला असता का? आज पुन्हा करायचं तर काय वेगळं कराल? वरिष्ठांना कसं पटवलं? आमच्याकडे आलात तर पहिल्या तीन महिन्यांत काय बदलाल? या शेवटच्या प्रश्नावर लगेच यादी वाचू नका. आधी काय बघाल, कोणाशी बोलाल, कोणते आकडे मागाल ते सांगा.

पहिल्यांदा मराठीतच सांगा, आणि आयटीत नसलेल्या माणसाला सांगा. मी माझ्या भावाला सांगायचे. तो मध्येच विचारायचा, "म्हणजे नेमकं अडकलं कुठं होतं?" तिथे मला कळायचं की ही जागा माझ्याच डोक्यात साफ नाही. त्याला समजलं की मग इंग्रजीत सांगायचं. इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांना मी मनापासून सांगते, वाक्यं छोटी ठेवा. "वर्क वॉज वेटिंग. आय काउंटेड. फाइव्ह डेज इन रिव्ह्यू." इतक्या साध्या इंग्रजीतही अनुभव पूर्ण पोहोचतो. फोनवर रेकॉर्ड करून एकदा ऐका.

एका अनुभवाची दोन रूपं तयार ठेवा, दोन मिनिटांचं आणि पाच मिनिटांचं. आधी छोटं सांगा आणि विचारा, "यातलं कशाबद्दल जास्त सांगू?" व्हिडिओ मुलाखत घरून असेल तर इन्व्हर्टरची बॅटरी आणि फोनचं हॉटस्पॉट आदल्या दिवशी तपासा. लाइट गेली तर घाबरून माफी मागत बसू नका, दोन मिनिटांत परत जोडून घ्या. कोणी त्यावरून गुण कापत नाही.

शेवटी तुम्हाला विचारतील, काही प्रश्न आहेत का. याच विषयातला एक प्रश्न ठेवा: "तुमच्या टीममध्ये एखादं काम ठरल्यापासून ग्राहकापर्यंत जायला साधारण किती दिवस लागतात, आणि त्यातले जास्त दिवस कुठे जातात?" उत्तर देणारा माणूस आकडा सांगतो, अंदाज सांगतो की विषय बदलतो, त्यावरून ही जागा घ्यायची की नाही ते तुम्हालाही ठरवता येईल. फोन ठेवल्यावर लगेच वही उघडा आणि अडखळायला लावणारे उपप्रश्न जसेच्या तसे लिहून ठेवा. अर्ध्या तासाने ते आठवत नाहीत, आणि पुढच्या मुलाखतीचा सराव तिथूनच सुरू करायचा आहे.